कोरफडीचा गर व जखमेचा ओलावा

आपल्याकडे पुष्कळ घरांच्या अंगणांत कोरफडीचें एखादें तरी झाड असतें. कोणाचा हात पोळला कीं वडील मंडळी तिचें पान कापून आंतील गर लावितात. हा उपचार कितपत खरा, व त्याची मर्यादा कोणती, याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करणार आहों.

कोरफडीचें पान आडवें कापिलें असतां त्यांत दोन निरनिराळे पदार्थ आढळतात. सालीच्या लगत पिवळा व अतिशय कडू असा चीक असतो. तो आटवून वाळविला म्हणजे काळा बोळ तयार होतो. हा चीक तीव्र रेचक असून कातडीस लागल्यास कित्येकांस खाज सुटते. आंतील स्वच्छ, बुळबुळीत गर मात्र अगदीं वेगळा. त्याच्या १०० भागांत ९८ ते ९९ भाग पाणीच असतें. उरलेल्या अल्प भागांत शर्करेच्या कणांच्या लांबलचक सांखळ्या असतात, व त्याच त्या पाण्यास धरून ठेवितात.

जखम कोरडी ठेवावी असें आपण ऐकतों. मग या ओलाव्याचा उपयोग काय? याचें उत्तर १९६२ सालीं जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानें दिलें. त्यानें डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांपैकीं कांहीं उघड्या ठेविल्या व कांहीं पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्यानें झांकिल्या. झांकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारें दुप्पट वेगानें आली. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मध्यभागीं येतात. वर कोरडी खपली धरली तर त्यांस तिच्याखालून वाट काढावी लागते; ओल्या पृष्ठभागावरून त्या सहज पुढें जातात.

समुद्रांतील तपकिरी शेवाळही याच कामीं येतें. त्यांतून १८८१ सालीं ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानें आल्जिन हा पदार्थ काढिला. कॅल्शियमशीं त्याचा संयोग करून तंतू बनवितात, व त्या तंतूंच्या पट्ट्या जखमेवर ठेवितात. पाझरणाऱ्या द्रवांतील सोडियम कॅल्शियमची जागा घेतें, आणि कोरडी पट्टी फुगून तिचा मऊ गर होतो. त्यामुळें ती काढितांना नवी कातडी ओरबाडली जात नाहीं.

तथापि असा गर म्हणजे सर्व जखमांवरील रामबाण औषध नव्हे. किरकोळ भाजण्यावर कोरफडीचा गुण कांहीं प्रयोगांत दिसून आला आहे. उलट १९९१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमींच्या उपचारानें सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचा गर लाविलेल्यांस ८३ दिवस लागले. शिवाय अंगणांतील पान कितीही धुतलें तरी तें जंतुरहित होत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. भाजल्यास तो भाग प्रथम २० मिनिटें थंड वाहत्या पाण्याखालीं धरावा. बर्फ, शाई किंवा तूप लावूं नये. कातडी नुसती लाल झाली असेल तर पानांतील पिवळा चीक निथळूं देऊन मग गर लावण्यास हरकत नाहीं. परंतु जखम खोल असेल, तींत माती गेली असेल, किंवा मोठा भाग भाजला असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये, आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. घरगुती उपायाचा खरा मान राखावयाचा, तर त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे.