परळची गोळी, तलासरीचे घर

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, सलाइनमधून दिली जाणारी किमोथेरपी संपली, किरणोपचारही उरकले, की अनेक बायकांच्या हातात डॉक्टर एक लहानशी गोळी ठेवतात. रोज एक, २० मिलिग्रॅमची. पाच वर्षे, काहींना दहा वर्षे. तिचे नाव टॅमॉक्सिफेन. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेतलेली डहाणूची बाई ती पिशवीत घालून शंभराहून अधिक किलोमीटर लोकलने घरी येते. तलासरीला रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे तिकडच्या बाईला गाडीतून उतरल्यावर एसटी नाहीतर रिक्षा शोधावी लागते.

रुग्णालयात कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिका हातमोजे आणि गाऊन घालतात. घरी आलेली गोळी मात्र मिठामसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर जाते, लहान मुलांच्या हाताला लागेल अशी. आणि त्याच घरात कधी कधी रुग्ण बाईचे ताट-पेला वेगळा केलेला असतो, अंथरूण पडवीत टाकलेले असते. कर्करोग जेवणातून, स्पर्शातून पसरत नाही. काळजी घ्यायची ती औषधाची, आणि तीसुद्धा काही ठरावीक बाबतींत. त्या बाबी नीट कळल्या तर बाईला दूर बसवण्याचे कारणच उरत नाही.

या गोळीचा इतिहास समजून घेतला तर तिचा धोकाही समजतो. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने हे रसायन तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या गटाला त्यातून गर्भनिरोधक हवे होते. उंदरांमध्ये ते जमले. स्त्रियांमध्ये उलटेच घडले, बीजनिर्मितीला चालना मिळाली. औषध गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. पण १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातून स्तनाच्या कर्करोगावरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि चित्र बदलले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये, १९७७ मध्ये अमेरिकेत या उपचारासाठी मान्यता मिळाली. आज ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि कर्करोगाच्या औषधांमध्ये सर्वांत स्वस्त म्हणावे अशांपैकी एक आहे.

स्तनातल्या बऱ्याच गाठी एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात. त्यांच्या पेशींमध्ये एस्ट्रोजेन येऊन बसावे अशा खास जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. डहाणू लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तशी टॅमॉक्सिफेन ही जागा अडवते. एस्ट्रोजेन रक्तात असतेच, त्याला बसायला मिळत नाही. ज्यांच्या गाठीत असे ग्राही आहेत, त्यांनी पाच वर्षे ही गोळी घेतली तर पहिल्या १५ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून दिसले आहे. ग्राही नसलेल्या गाठीवर तिचा उपयोग नाही. म्हणून शेजारणीला चालली ती गोळी मला चालेल, असा हिशेब इथे करता येत नाही.

पण हेच औषध शरीरात सगळीकडे सारखे वागत नाही. स्तनात ते एस्ट्रोजेनला अडवते, तर गर्भाशयाच्या अस्तरात काही प्रमाणात स्वतःच एस्ट्रोजेनसारखे काम करते. त्यामुळे, मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅमॉक्सिफेनला ‘माणसात कर्करोग निर्माण करणारे’ या पहिल्या गटात टाकले. दुसऱ्या स्तनात कर्करोग होण्याची शक्यता ते कमी करते, हेही त्याच निर्णयात नोंदवले. ज्या बाईला त्याची गरज आहे तिच्यासाठी फायद्याचे पारडे स्पष्टपणे जड आहे. तिने गोळी सोडायची नाही, लक्ष ठेवायचे. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा नजर अंधूक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पायाची सूज आणि धाप ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. भगताकडे जाऊन आलात तरी चालेल, पण तिथे दिवस घालवू नका.

ज्याला या औषधाची गरजच नाही, त्याच्या बाबतीत फायद्याचे पारडे रिकामे असते. सुरक्षित हाताळणीचे सारे नियम यातूनच येतात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी धोकादायक औषधांची यादी केली आहे, तिच्यात टॅमॉक्सिफेन आहे. अर्थ असा नाही की पाकिटाला हात लागला तर अपाय होईल. अखंड, आवरण असलेल्या गोळीपासून धोका फार कमी. धोका वाढतो ती फोडली, कुटली, पाण्यात विरघळवली तर. तेव्हा भुकटी हवेत उडते, बोटांना लागते, वाटीला चिकटते. म्हाताऱ्या आईला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात गोळी कुटायची आणि त्याच खलबत्त्यात संध्याकाळी लसूण ठेचायचा, हे करू नका. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते वाट काढतील. रुग्णाने स्वतःच गोळी पाकिटातून काढावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दुसऱ्या कोणी द्यायची असेल तर झाकणात किंवा चमच्यात काढून द्यावी, नाहीतर हातमोजा घालावा.

घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम अजिबात करू नये. याच जातीच्या डीईएस या कृत्रिम एस्ट्रोजेनचा धडा जगाला १९७१ मध्ये मिळाला. गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या मुलींना तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे तेव्हा उघड झाले. टॅमॉक्सिफेनमुळेही गर्भाला इजा होऊ शकते. गोळी घेणाऱ्या तरुण बाईसाठी इथे आणखी एक मेख आहे. कधी कधी तिची पाळी थांबते आणि तिला वाटते, आता दिवस राहणार नाहीत. पण बीजनिर्मितीला चालना देण्याचा या औषधाचा जुना गुण गेलेला नाही. गोळी चालू असताना आणि थांबल्यावरही काही महिने तांबीसारखे संप्रेरकविरहित साधन हवेच, कारण औषध शरीरातून पूर्ण जायला आठवडे लागतात. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने ही गोळी घेऊ नये.

आता घराबाहेर पडू, कारण माझ्या मते सर्वांत मोठे दुर्लक्ष तिथे आहे. डहाणू-तलासरीची कितीतरी मुले-मुली बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, तर सीमेपलीकडे उंबरगाव, वापी, सिल्वासाकडे कंपनीत कामाला जातात. या पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात पावडर तोलणे, चाळणे, मिसळणे, गोळ्या दाबणे ही कामे हेल्परच्या वाट्याला येतात. रुग्ण दिवसाला २० मिलिग्रॅम घेते. पावडरीच्या खोलीत हवेत नेमके किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. संप्रेरकाची धूळ काय करू शकते याचा पुरावा जुना आहे. प्यूर्टो रिकोतल्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात १९७०च्या दशकात पुरुष कामगारांची स्तने वाढली, स्त्री कामगारांना दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव होऊ लागला. त्यांनी एकही गोळी खाल्ली नव्हती. श्वासातून आणि कातडीतून गेलेली धूळ पुरेशी ठरली. तिथले औषध एस्ट्रोजेन होते, टॅमॉक्सिफेन नव्हे, पण संप्रेरकावर काम करणारी कुठलीही पावडर याच वाटांनी शरीरात जाते.

अशा ठिकाणी तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही. धूळ खेचून घेणारी बंदिस्त यंत्रणा हवी, योग्य श्वसनमास्क हवा, कपडे बदलायची आणि अंघोळीची सोय कारखान्यातच हवी. तेच कपडे घालून घरी आलो तर पावडर पोरांच्या अंगापर्यंत पोचते. कारखाना कायद्यातल्या १९८७ च्या दुरुस्तीने कामाच्या जागेवरच्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. कंत्राटदाराकडून आलेल्या मुलाला तो सांगतो कोण?

घरातल्या उरलेल्या गोळ्यांचेही बोलायला हवे. उपचार बदलला, बाई गेली, गोळ्या मागे राहिल्या, तर त्या विहिरीत, खाडीत किंवा संडासात टाकू नयेत, चुलीत जाळू नयेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयातली कर्करोगाची टाकाऊ औषधे १२०० अंशांच्या वर जाळावी लागतात. चुलीची आग तिथवर पोचत नाही. पुढच्या खेपेला त्या रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर परत द्याव्यात.

आणि चालू असलेली गोळी चुकवू नये. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला निघते तेव्हा काही महिन्यांचा साठा, केसपेपर आणि नियमित चालू असलेल्या इतर औषधांची नावे सोबत घ्या. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पावसाळ्यात पाकीट ओलीपासून दूर, झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

आशाताईंना एक विनंती. गावात टॅमॉक्सिफेन चालू असलेली बाई असेल तर तिच्या घरी जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: गोळी कुठे ठेवली आहे, घरात कोणाला दिवस गेले आहेत का, आणि घरातले कोणी औषधाच्या कंपनीत पावडरीवर काम करते का.