उंचावर ऊब, खोऱ्यात गारठा

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे भूगोलाच्या पुस्तकातलं गणित. दोन्ही गावांच्या उंचीतल्या आठशे मीटरच्या फरकाला ते लावलं, तर जानेवारीत महाबळेश्वरची रात्र पुण्यापेक्षा पाच अंशांनी तरी गार हवी. हवामान खात्याच्या नोंदी नेमकं उलट सांगतात. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेचं जानेवारीचं सरासरी किमान तापमान अकरा-बारा अंश सेल्सिअस आहे आणि महाबळेश्वरचं तेरा-चौदा. म्हणजे उत्तर दोन-चार अंशांनी चुकतं असं नाही. ते सात अंशांच्या घरात चुकतं, आणि तेही उलट्या दिशेनं.

‘महाबळेश्वरपेक्षा पुणं गार’ ही बातमी दर हिवाळ्यात छापून येते आणि दरवेळी ती नवल म्हणूनच वाचली जाते. मला तिच्यात नवलापेक्षा नियम दिसतो. डोंगराळ मुलखातली शांत, निरभ्र रात्र उंचीला फारशी जुमानत नाही, जमिनीच्या आकाराला जुमानते. हे एकदा लक्षात आलं की शहराच्या नावापुढे रोज छापून येणारा एकच आकडा पुरेनासा होतो आणि घरोघरच्या हौशी नोंदींचं मोल कळू लागतं.

मी राहतो बंगळूरच्या जयनगरात. आमच्या शहराचे आकडे पुण्याच्या शेजारी मांडले की कोडं आणखी गडद होतं. बंगळूर ९२० मीटरवर, म्हणजे पुण्याहून ३६० मीटर उंच. उंचीच्या हिशेबानं इथली रात्र सव्वादोन अंशांनी गार हवी. पण जानेवारीचं सरासरी किमान तापमान सोळाच्या आसपास, पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त आहे. आजवरचे नीचांकही हेच बोलतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. बंगळूरचा नीचांक १३ जानेवारी १८८४ चा, ७.८ अंश. त्यानंतर इतक्या वर्षांत शहर त्याच्या खाली गेलेलं नाही.

यातला काही वाटा अक्षांशाचा आहे. पुणं साडेअठरा अंशांवर, बंगळूर तेरावर. उत्तरेकडची कोरडी थंड हवा पुण्याला सहज गाठते, तर बंगळूरला हिवाळ्यातही बंगालच्या उपसागराकडून बाष्प आणि ढग येत राहतात. पण पुणं आणि महाबळेश्वर यांच्यात अक्षांशाचा फरक नगण्य आहे. तिथे दुसरं काहीतरी काम करतंय.

मे महिन्यात मात्र पुस्तकातलं गणित चोख चालतं. मुंबईचं मेमधलं सरासरी किमान तापमान सत्तावीसच्या आसपास, बंगळूरचं एकवीस-बावीस. फरक पाच-सहा अंशांचा, आणि ९२० मीटर उंचीला साडेसहाच्या दरानं येतातही सहाच. मग जानेवारीतच गणित का कोलमडतं?

कारण हिवाळ्यातल्या रात्री हवा ढवळलीच जात नाही. वीस अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ४१८ वॅट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकत असते. आकाश ढगाळ असेल तर ढग त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात आणि हिशेब जवळजवळ मिटतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की परतफेड सव्वातीनशेच्या आसपासच राहते. तूट शंभर वॅटच्या जवळपासची. जुन्या पिवळ्या बल्बइतकी ऊर्जा अंगणातल्या प्रत्येक चौरस मीटरमधून रात्रभर आकाशात जात असते. जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, वरची हवा मात्र जवळपास होती तशीच राहते. वारा असता तर दोन्ही थर मिसळले असते. तो नसतो, म्हणून खाली गारठा आणि वर ऊब अशी उलटी मांडणी तयार होते.

यात ढगांचा वाटा किती, ते बंगळूरच्याच दोन महिन्यांत दिसतं. जानेवारी आणि जुलै, दोन्ही महिन्यांतलं इथलं सरासरी कमाल तापमान अठ्ठावीसच्या जवळपास आहे. दुपारी पाऱ्याकडे पाहून महिना ओळखता यायचा नाही. रात्री मात्र जुलैत तापमान विसाच्या आसपास थांबतं आणि जानेवारीत सोळापर्यंत उतरतं. जुलैत मोसमी ढगांचं पांघरूण असतं, जानेवारीत आकाश बरंचसं उघडं असतं.

आता उताराचं काम. हवा तीन अंशांनी गार झाली की तिचं वजन सुमारे एक टक्क्यानं वाढतं. एक टक्का म्हणजे फार नाही; पण पठारावर, डोंगरउतारावर रात्रभर तयार होणारी ही जड हवा हळूहळू घरंगळत खाली उतरते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. तिची जागा घ्यायला वरून उबदार हवा येते. महाबळेश्वरची वेधशाळा पठारावर असल्यानं ती या उबेत राहते. पुणं मुळा-मुठेच्या खोलगट भागात, टेकड्यांच्या मधोमध आहे. आजूबाजूचा गारठा तिथे येऊन बसतो. पुण्याच्या आतही हीच कथा लहान प्रमाणात घडते. थंडीच्या लाटेत पाषाण, एनडीए किंवा हवेलीकडचा आकडा आणि मगरपट्ट्याचा आकडा यांत सहा-सात अंशांचं अंतर पडतं. मुंबईत तर डोंगरही लागत नाही. २२ जानेवारी १९६२ च्या थंडीत कुलाब्याला ११.७ अंश नोंदले गेले आणि सांताक्रूझला ७.४. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्रानं वेढलेलं, सांताक्रूझ त्या मानानं आत. एका शहरात, एकाच थंडीत ४.३ अंशांचा फरक.

महाबळेश्वरचीच एक जागा या साऱ्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे. गावातून पाचगणीच्या रस्त्यानं खाली उतरलं की वेण्णा तलाव लागतो. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये बांधलेला. कडाक्याच्या थंडीत गावातल्या वेधशाळेचा पारा शून्यापासून कितीतरी वर असताना या तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याकडे दव गोठतं. पहाटे गेलं तर बोटींच्या जेटीवरच्या फळ्या, गाड्यांचे टप आणि स्ट्रॉबेरीची पानं पांढरी झालेली दिसतात. पानाची कड नीट पाहिली तर बर्फाचे कण तिथेच जास्त दाट असतात, कारण पातळ कडेत उष्णतेचा साठा कमी आणि ती आधी गार होते. पानाखाली, जिथून आकाश दिसत नाही, तिथे बहुतेक काहीच नसतं. वेधशाळेचा आकडा खोटा नसतो. तो सावलीतल्या, जमिनीपासून सव्वा मीटर उंच पेटीतल्या हवेचा असतो. आकाशाकडे तोंड करून असलेलं पान त्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज गार होतं. शिवाय वेधशाळा पठारावर आणि पान खोलगटात.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली होती. अशा रात्री बागांमधून शेकोट्या पेटवून धूर केला जातो, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडलं जातं. त्याला जिल्ह्याचं तापमान कळून उपयोग नसतो. त्याला आपल्या बागेतल्या खोलगट कोपऱ्यातल्या वेलीचं तापमान हवं असतं. तेवढ्या बारीक जाळ्यानं मोजणं कोणत्याही सरकारी खात्याला परवडणारं नाही. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, हे काम मोठंच आहे. तरी एका मंडळात अनेक गावं आणि प्रत्येक गावात चढ, उतार, नाला.

ही उणीव हौशी माणसांनीच भरून काढली आहे, आणि ती आजची गोष्ट नाही. कमाल-किमान तापमान आपोआप धरून ठेवणारा इंग्रजी ‘यू’ आकाराचा तापमापक जेम्स सिक्स या इंग्लंडमधल्या हौशी संशोधकानं १७८० मध्ये बनवला. पुढे त्यानं तसे तापमापक कँटरबरीच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर सुमारे २२० फुटांवर आणि खाली बागेत लावले, आणि निरभ्र रात्री मनोऱ्यावर जास्त ऊब असते हे आकड्यांनी दाखवलं. ल्यूक हॉवर्डचा धंदा औषधं-रसायनांचा. त्यानं लंडन आणि भोवतालच्या खेड्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि शहराची रात्र खेड्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटनं उबदार असल्याचं काढलं. दिवसा मात्र शहर उलट ०.३४ अंशांनी गार. शहराची उष्णता हा प्रामुख्यानं रात्रीचा विषय आहे, हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. आपल्या दख्खनेत कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात वायुभारमापक आणि तापमापक घेऊन हिंडला. त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीनं छापला.

यापुढचा टप्पा पुण्यात घडला आणि त्याचा शेवट बंगळुरात झाला, म्हणून तो मला जास्त जवळचा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ एल. ए. रामदास जमिनीलगतच्या हवेचं तापमान थराथरानं मोजत होते. शांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटूनच असणार, असं सगळेच धरून चालले होते. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवलं की उघड्या जमिनीवर सगळ्यात गार थर जमिनीपासून काही दशांश मीटर वर, वीत-दोन वीत उंचीवर असतो. बाहेरच्या जगाला वाटलं, मोजण्यात चूक असावी. १९५० च्या दशकात राश्के या जर्मन संशोधकानं पुण्यातच पुन्हा मोजलं आणि निष्कर्ष खरा ठरला. असं का होतं, याचं गणिती स्पष्टीकरण रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बंगळुरात मांडलं. इथल्या जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात त्यावरचं काम पुढेही चालू राहिलं आणि हवेतल्या धूलिकणांचा त्यात मोठा वाटा असल्याचं पुढे आलं. रोपाचा शेंडा त्याच उंचीवर असतो, हे लक्षात घेतलं की रामदासांनी मोजलेल्या त्या थराचं महत्त्व कळतं.

जयनगरात हे सगळं कुठे बसतं? बंगळूर एका कण्यावर वसलंय. पश्चिमेकडचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला, पूर्वेकडचं बेळंदूरच्या तळ्यांवरून दक्षिण पिनाकिनीला जातं. म्हणून हे शहर स्वभावानं पुण्यापेक्षा महाबळेश्वरच्या पठाराजवळचं आहे. गारठा इथून निसटून जातो. शहराची वेधशाळा ९२० मीटरवर, देवनहळ्ळीचा विमानतळ ९१५ वर. उंचीत पाच मीटरचाही फरक धरावा असा नाही, तरी बहुतेक हिवाळी रात्री विमानतळाचा आकडा शहरापेक्षा खाली असतो. मोकळं माळरान आणि काँक्रीट यांच्यातला हा फरक.

जयनगरची आखणी १९४८ ची. रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं ही त्याची ओळख. बंगळूरच्या रस्त्यांवरच्या झाडांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झाडं असलेल्या रस्त्यांवर दुपारी हवा ५.६ अंशांपर्यंत आणि डांबराचा पृष्ठभाग तब्बल २७.५ अंशांपर्यंत गार आढळला. ही माया दिवसाची. रात्री झाडांचा मांडव आकाश झाकतो, त्यामुळे त्याखालची जमीन उघड्या मैदानाइतक्या झपाट्यानं उष्णता सोडू शकत नाही. झाडं तोडायला हे कारण मुळीच नाही, कारण ज्या डांबरावर दिवसा ऊन पडलंच नाही, त्याच्याकडे रात्री सोडायला उष्णताही कमी असते. पण तापमापक कुठे टांगायचा, याचं उत्तर यातून मिळतं.

घरी तापमापक असला तर तो बहुधा गच्चीवर, भिंतीला लावलेला असतो. तो मोजतो ते स्लॅबचं तापमान. दिवसभर तापलेलं काँक्रीट पहाटेपर्यंत निवत नाही. जागतिक हवामान संघटना सव्वा ते दोन मीटर उंचीवर, गवताळ मोकळ्या जागी, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत मोजायला सांगते. तशी पेटी १८६४ मध्ये टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्यानं बनवली, कादंबरीकार स्टीव्हन्सनच्या वडिलांनी. गच्चीशिवाय इलाज नसेल तर पेटी कठड्यापासून दूर, शक्यतो कुंड्यांच्या मधोमध ठेवावी आणि वहीत जागा स्पष्ट लिहावी. नोंदीशेजारी ढग आणि वारा लिहिला नाही तर आकड्याचा निम्मा अर्थ जातो. जानेवारीत इथे पावणेसातच्या सुमाराला उजाडतं आणि किमान तापमान बहुधा त्याच्या आगेमागे येतं, तेव्हा सहा वाजता वाचून वही मिटू नये.

बाजारातल्या स्वस्त डिजिटल सेन्सरची चूक अर्धा अंश इकडे-तिकडे असू शकते. कुटलेल्या बर्फाच्या लगद्यात, पाण्यापासून जपून, तो बुडवला की शून्याला तपासता येतो. उकळत्या पाण्यात तपासू नये, कारण ९२० मीटरवर पाणी शंभराला नाही, सत्त्याण्णवच्या आसपास उकळतं.

जयनगर आणि भोवतालच्या भागात मला पाहायचंय ते एवढंच. एक पेटी चौथ्या ब्लॉकच्या उंच अंगाला आणि एक मडिवाळच्या तळ्याकडच्या उतारावर. उंचीतला फरक वीस-तीस मीटरचा, म्हणजे गणितानं अंशाचा पाचवा हिस्साही मिळणार नाही, आणि तोही उतारावर ऊब असल्याचं दाखवेल. शांत, निरभ्र पहाटे खालची पेटी त्याउलट एखाद्या अंशानं गार निघाली, तर या कण्यावरच्या शहरातही गारठा उताराच्या वाटेनं साचतो असं म्हणता येईल. त्याआधी दोन्ही सेन्सर आठवडाभर शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळ फरक काढावा लागेल. मग दर महिन्याला त्यांची अदलाबदल करावी. फरक जागेबरोबर राहिला तर तो हवेचा, सेन्सरबरोबर हलला तर यंत्राचा.