घरात बंदूक आहे? मग प्रशिक्षण, कुलूप आणि स्वतःची तपासणी हवीच

बंदूक हा आरोग्याचा विषय कसा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण शस्त्र परवान्याच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. अर्जदार शरीराने आणि मनाने तंदुरुस्त आहे, त्याला नशेचे व्यसन नाही, हे त्यात पाहिले जाते. तो दाखला मागायला लोक आमच्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरांकडेच येतात.

जालना जिल्ह्यात बंदूक अगदी दुर्मीळ नाही. बँकेच्या दारात १२ बोअरची बंदूक घेऊन उभे असलेले माजी सैनिक तुम्ही पाहिले असतील. काही व्यापारी आणि पुढारी स्वसंरक्षणासाठी परवाना घेतात. रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. शिवाय काही घरांत आजोबांच्या वेळची बंदूक कपाटावर पडून असते. या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

अपघात कसा होतो?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील घरी स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. प्रवासाला निघण्याच्या गडबडीत रिव्हॉल्व्हर हातातून पडले आणि गोळी सुटली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. थोडक्यात निभावले.

यात भांडण नव्हते आणि चोरही नव्हता. होती फक्त घाई आणि भरलेले शस्त्र. शस्त्र रिकामे असते, तर ते पडल्याने फार तर फरशीला टवका गेला असता. शस्त्र जुने किंवा नादुरुस्त असेल तर चापाला बोट न लागताही गोळी सुटू शकते. म्हणून परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून ते वेळोवेळी तपासून घ्या.

प्रशिक्षण म्हणजे फक्त नेमबाजी नव्हे

शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. अनेकांना ही कागदाची पूर्तता वाटते. प्रत्यक्षात नेम लावण्यापेक्षा नेम न लावण्याच्या वेळी शस्त्र कसे हाताळायचे, हे त्यात शिकायचे असते. चार सवयी हाताला लागल्या पाहिजेत:

- प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. "रिकामी आहे" असे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः उघडून पाहा.
- नळी कधीही माणसाकडे, स्वतःच्या पायाकडेही, वळू देऊ नका.
- प्रत्यक्ष गोळी झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर ठेवा.
- समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय झाडू नका. रात्री तुरीत हलणारी सावली रानडुकराची असेल किंवा पाणी द्यायला गेलेल्या माणसाचीही असेल.

बांधावर चढताना, कुंपण ओलांडताना किंवा मोटारसायकलवर बसताना बंदूक रिकामी करूनच न्या. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडू नका. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. बेदरकारपणे केलेल्या अशा गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुलूप कोणापासून?

चोरापासून तर हवेच, पण आधी घरच्यांपासून. कपाटावर ठेवलेली वस्तू मुलांना माहीत नसते, हा मोठ्यांचा भ्रम आहे. बंदूक रिकामी करून एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा. चाव्या स्वतःजवळ असू द्या.

परवाना नसलेली छऱ्याची एअरगन खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. तिचा छरा डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते.

मन ठीक नसेल तेव्हा

ही बाब सर्वांत कमी बोलली जाते. कर्ज, पिकाचे नुकसान, घरातील वाद, दारू यांत माणूस खचतो. आत्महत्येचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो, काही वेळाने ओसरतो. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. बंदुकीच्या बाबतीत परत फिरायला वेळच मिळत नाही.

इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांनी सुटीवर घरी जाताना बंदूक नेण्यावर बंधने आणली. त्यानंतर जवानांमधील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. जवान तेच, त्यांच्या अडचणीही त्याच. बदलले ते फक्त माणूस आणि शस्त्र यांच्यातील अंतर. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यालाही हेच लागू पडते.

घरातील परवानाधारक व्यक्तीची झोप उडाली असेल, ती गप्प राहत असेल, दारू वाढली असेल किंवा "आता काही अर्थ नाही" असे बोलत असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवा. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ते जमा करता येते का, याची चौकशी करा किंवा पोलीस ठाण्यात विचारा. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा होतातच, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो. पाच वर्षांत माणूस बदलतो. मोतीबिंदू, हाताचा कंप, चक्कर, मधुमेहात साखर अचानक कमी होणे, झोपेच्या गोळ्या, विसराळूपणा यांपैकी काही असेल तर नूतनीकरणाची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. दाखला "ओळखीने" मागू नका. त्या तपासणीत तुमचाच जीव सांभाळला जातो.

गोळी किंवा छरा लागलाच तर

- आधी शस्त्रापासून सर्वांना दूर करा. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा.
- स्वच्छ कापडाने जखमेवर जोरात दाब द्या. कापड भिजले तरी काढू नका, वर दुसरे ठेवा.
- हाता-पायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांधा टाळून, रुंद पट्टी घट्ट बांधा आणि वेळ लिहून ठेवा.
- छरा उकरू नका. हळद, चुना, माती लावू नका. खायला-प्यायला देऊ नका.
- डोळ्याला लागले असेल तर चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. कागदी पेल्याने झाकून न्या.
- जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जा. आत किती इजा झाली आहे, हे बाहेरून कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शनही लागू शकते.

पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. रुग्णालय पोलिसांना कळवेल, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. आधी जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

आज घरी गेल्यावर एवढे करा: बंदूक रिकामी आहे का ते पाहा, काडतुसे वेगळी ठेवा आणि चावी कोणाकोणाला माहीत आहे, हे स्वतःला विचारा.