औषध आधी, निदान मागून

1849 साली जर्मनीतील गटिंगन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढली की तुरा वाढेना, आरवणे नाही, झुंजही नाही. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते मात्र इतर कोंबड्यांसारखेच आरवू लागले. जुने मज्जातंतू तर तुटलेले होते. म्हणजे वृषणातून काहीतरी थेट रक्तात उतरत होते. ते नेमके काय, हे कळायला 86 वर्षे लागली. त्याच्या नावाने बाजार मात्र त्याआधीच भरला होता.

1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार्ड या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पूर्वीची ताकद आल्याचे जाहीर केले. वृषणातून रक्तात उतरणारे ते संप्रेरक (हार्मोन) म्हणजे टेस्टोस्टेरॉन. ते पाण्यात जेमतेमच विरघळते, त्यामुळे त्या अर्कात कामाचे जवळजवळ काही नव्हते. तरीही असले अर्क झपाट्याने खपले. खरे टेस्टोस्टेरॉन वेगळे झाले 1935 साली, ॲमस्टरडॅममध्ये. बैलांच्या सुमारे 100 किलो वृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम हाती आले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आता औषध होते. ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न मात्र तसाच होता.

मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वर्ष 1944 वाटते. थकवा, उदासी, घाम, कामेच्छा कमी झालेली, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पुरुषांकडे अमेरिकेतील हेलर आणि मायर्स यांनी नीट पाहिले. वृषणे थकली, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी त्यांना जोराने हाका मारते आणि तिची संप्रेरके वाढतात. ही वाढ त्यांनी लघवीत मोजली. काहींमध्ये ती सापडली, काहींमध्ये नाही. तक्रार तीच, कारण वेगळे. खरी कमतरता असलेल्यांनाच टेस्टोस्टेरॉनचा उपयोग झाला. तरुण डॉक्टरांनी त्यांचा त्यावरचा शोधनिबंध आजही वाचावा.

पुढे रक्तातली अतिसूक्ष्म संप्रेरके मोजण्याची पद्धत आली. तिच्यासाठी रोझलिन यॅलो यांना 1977 साली नोबेल मिळाले. चाचणी सोपी झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनच्या जेलच्या जाहिराती सुरू झाल्या. चाळिशीनंतरचा प्रत्येक थकवा हार्मोनच्या खात्यावर जमा होऊ लागला.

त्याला उत्तर दिले 2010 साली युरोपातील आठ केंद्रांच्या अभ्यासाने. 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनच्या कमी पातळीशी पक्के नाते सापडले ते तीनच लक्षणांचे: सकाळची ताठरता कमी होणे, संबंधाच्या वेळी ताठरता न येणे आणि कामेच्छा ओसरणे. ही तिन्ही लक्षणे आणि कमी पातळी असे दोन्ही असलेले पुरुष फक्त 2.1 टक्के निघाले. नुसता थकवा किंवा खिन्नता कमी पातळीची खूण ठरू शकली नाही.

कमी पातळीची कारणे शोधण्याची वाटही पिट्यूटरीच्या त्या हाकेवरूनच जाते. एलएच हे तिचे संप्रेरक वाढलेले असेल, तर दोष वृषणात: मोठेपणी झालेले गालगुंड, केमोथेरपी, न उतरलेली वृषणे किंवा 1942 साली वर्णन झालेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम. यात पुरुषाला एक जादा एक्स गुणसूत्र असते आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच अनेकांना ते कळते. एलएच वाढलेले नसेल, तर नजर वर न्यावी लागते: पिट्यूटरीची गाठ, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, अफूवर्गीय वेदनाशामके. सुटलेले पोट आणि मधुमेह ही तर आपल्या घराघरांतली कारणे. वजन उतरले की पातळी पुष्कळदा आपोआप वर येते.

म्हणून एवढेच मागणे आहे. तपासणी सकाळी उपाशीपोटी करा आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दिवस चढतो तशी पातळी उतरते. तापात किंवा आजारपणात रक्त देऊ नका. दोन्ही वेळा आकडा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि लक्षणेही असतील, तर हार्मोनतज्ज्ञाकडे जा. आणि जिममधल्या कोणाच्याही सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून आलेल्या हार्मोनमुळे पिट्यूटरी गप्प बसते, वृषणे आकसतात आणि शुक्रजंतू तयार होणे थांबते. मूल हवे असलेल्या पुरुषासाठी हे औषध नाही.