पाय गेला, पण सायकल थांबली नाही

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट आपल्या वाचकांच्या पायाखालचा आहे. हा घाट सायकलने चढायचा म्हटले, तर दोन्ही पाय धड असलेला जवानही अर्ध्या वाटेत उतरून सायकल ढकलू लागेल. मग एका पायाच्या बळावर सायकल चालवीत थेट पॅरिस गाठणाऱ्या मुलीला काय म्हणावे?

ही मुलगी आपल्या महाराष्ट्राची, भंडारा जिल्ह्याची. नाव ज्योती गडेरिया. २०१६ साली रस्त्यावरील अपघातात तिने एक पाय गमावला. अशा वेळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आता हिचे कसे होणार?" ज्योतीताईंनी त्याचे उत्तर सायकलवर बसून दिले.

त्यांना वाट दाखविली हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनने. स्वतः आदित्य मेहता यांनीही अपघातात पाय गमावला आहे. २०१३ साली आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत त्यांनी दोन रौप्यपदके मिळविली. पण पदके कपाटात ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्यासारख्या इतरांना कृत्रिम अवयव, सायकल व शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी संस्था काढली. सीमेवर व बंदोबस्तात जायबंदी झालेले जवानही तेथे सायकल शिकले. एकाने वर चढून दुसऱ्याला हात द्यावा, तो असा!

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ज्योतीताई व आंध्रचे अर्शद शेख उतरले. हा खेळ तेथे १९८४ पासून आहे, परंतु भारताचे सायकलपटू प्रथमच तेथे दिसले. पदक मिळाले नाही. तरीही दार उघडले, हे लहान काम नव्हे.

या खेळाची रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्याला साधी सायकल जमते, त्याच्या अपंगत्वाप्रमाणे पाच गट आहेत. तोल सांभाळता येत नसेल तर तीन चाकांची सायकल, पायात बळ नसेल तर हातांनी चालवायची सायकल. अंध खेळाडूसाठी जोडसायकल असते व पुढे डोळस साथीदार बसतो. तेथे कोणाला "तुला जमणार नाही" असे सांगत नाहीत, तर सायकल बदलतात.

आपण काय बदलतो? आमचाच दोष सांगतो. एकदा कुबडी घेतलेला एक तरुण जिना चढून आमच्या टेबलापाशी आला. एका कागदाची प्रत राहिली होती, म्हणून आम्ही त्याला परत पाठविले. खाली उतरून प्रत काढून आणायला आमचे दोन पाय होते, हे आम्हाला संध्याकाळी घरी जेवताना सुचले. तो घास आजही आठवतो.

म्हणून माहिती देतो. अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार मानले जात, आता २१ मानले जातात. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे व सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत. खेळाची सोय करणे हेही सरकारचे कर्तव्य ठरले आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी, असे आपल्या राज्य शासनाचे आदेश आहेत.

बंधू-भगिनींनो, पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि त्या ५ टक्क्यांचा हिशेब विचारा. शेजारच्या घरी दाराआड बसविलेले मूल असेल, तर त्याच्या दाखल्यासाठी त्याच्या आईबरोबर एक दिवस जा. त्यातून सायकलपटू निघेल की नाही, हे पुढचे पुढे. ते मूल उंबरठा ओलांडून शाळेत गेले, तरी आपला घाट चढून झाला असे आम्ही समजू.