ग्रंथालयाची नोंदवही ग्रंथालयाच्याच हाती

सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथ हे जसे त्याचे धन, तशीच दाखल नोंदवही हाही त्याचा मोलाचा ठेवा होय. कोणता ग्रंथ केव्हा आला व किती किमतीस आला, हे त्या नोंदींवरूनच कळते. वही विकणाऱ्याने दुकान बंद केले म्हणून वहीची पाने कोरी होत नाहीत. संगणकावरील नोंदींबाबत मात्र तशी खात्री देता येत नाही.

नोंदी विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या असतात. करार संपला, विक्रेत्याने व्यवसाय बंद केला किंवा संगणक बदलावा लागला, की वर्षानुवर्षांच्या श्रमाने भरलेल्या नोंदी बाहेर काढणे दुरापास्त होऊ शकते. मराठी नोंदी एखाद्या जुन्या फाँटमध्ये असल्या, तर दुसऱ्या संगणकावर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करावयाचा तो या पार्श्वभूमीवर.

‘मुक्त’ म्हणजे काय?

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागील विचार असा की, सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची अंतर्गत रचना अभ्यासण्याची, त्याच्या प्रती वाटण्याची आणि त्यात सुधारणा करून ती इतरांना देण्याची मोकळीक वापरणाऱ्यास असावी. त्यामुळे एक विक्रेता गेला तरी दुसरा जाणकार तेच काम पुढे चालवू शकतो.

मुक्त म्हणजे फुकट, असा समज मात्र होऊ नये. परवाना शुल्क वाचते. परंतु प्रशिक्षण, देखभाल आणि नोंदींची सुरक्षितता यांसाठी खर्च येतोच.

तीन गावांच्या ग्रंथालयांची देणगी

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ भागात लेव्हिन, फॉक्स्टन व शॅनन या छोट्या गावांतील ग्रंथालये एक न्यास चालवीत असे. तेथील जुनी संगणक प्रणाली सन २००० मधील तारखा हाताळू शकणार नाही, असे १९९९ साली स्पष्ट झाले. न्यासाने वेलिंग्टनच्या एका संस्थेकडून नवी प्रणाली तयार करून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती कार्यान्वित झाली. पुढे ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली करण्यात आली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट किंवा देणगी असा आहे.

आज जगभरातील ग्रंथालये कोहा वापरतात. ग्रंथनोंदी, सभासद, देवघेव आणि नियतकालिके यांची कामे तिच्यात होतात. युनिकोडमुळे देवनागरीत नोंदी करता येतात व शोधताही येतात. विशेष म्हणजे ग्रंथनोंदी ‘मार्क २१’ या सर्वमान्य पद्धतीत बाहेर काढता येत असल्याने उद्या प्रणाली बदलली तरी ठेवा हातचा जात नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे ग्रंथालयांचे जाळे खेड्यांपर्यंत पोहोचले. त्यांतील ‘ड’ वर्गाच्या लहान ग्रंथालयास कोहाचा व्याप पेलेलच असे नाही. त्याने लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या तक्त्यात, युनिकोड मराठीत, दाखल नोंदी भरल्या तरी आरंभासाठी ते पुरेसे आहे. या नोंदींची एक प्रत ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर सुरक्षित ठेवावी.

‘विंडोज १०’ या प्रणालीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या. शाळा व ग्रामपंचायतींतील असे जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते का, हे पाहावे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांचा विचार करून घडविलेली लिनक्स प्रणालीच आहे. असा एखादा संगणक समाजमंदिरात ठेवल्यास विद्यार्थ्यांना अर्ज लिहिणे, हिशेब मांडणे यांचा सराव करता येईल. ज्यास हे सॉफ्टवेअर घरी हवे असेल, त्यास ग्रंथपालाने पेन ड्राइव्हवर निःशंकपणे प्रत द्यावी. कायद्याची त्यास आडकाठी नाही. ग्रंथ परत करावा लागतो, ही प्रत परत करावी लागत नाही, एवढाच काय तो फरक!

निर्णयापूर्वी तीन प्रश्न

भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आणि शासकीय संगणक प्रणालींत त्यास प्राधान्य दिले. परंतु धोरणाचे यश गावातील माणसांच्या तयारीवर अवलंबून असते. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत: आमच्या सर्व नोंदी आम्हांस हव्या तेव्हा बाहेर काढता येतील काय? हा विक्रेता नसताना दुसरा कोणी देखभाल करू शकेल काय? आणि ग्रंथपालाखेरीज आणखी एका व्यक्तीस हे काम शिकविले जाईल काय?

या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळाली, तर पुढची पिढीही ती नोंदवही उघडू शकेल.