मधूनच गप्प होणारे पल्सार

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा रेडिओझोत दर फेरीला पृथ्वीवरून सरकतो आणि दुर्बिणीला एक स्पंद मिळतो. पण काही पल्सार दिवसचे दिवस गप्प राहतात.

'बी १९३१+२४' हा त्यांतला गाजलेला. ०.८१ सेकंदात एक फेरी घेणाऱ्या या ताऱ्यावर इंग्लंडमधील जॉड्रेल बँकच्या ७६ मीटर व्यासाच्या लव्हेल दुर्बिणीने वर्षानुवर्षे नजर ठेवली. तो ५ ते १० दिवस स्पंद पाठवतो, मग १० सेकंदांच्या आत बंद पडतो आणि पुढचे २५ ते ३५ दिवस चिडीचूप!

खगोलशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये खरी मेख दाखवून दिली. स्पंद चालू असताना या ताऱ्याची गती सुमारे दीडपट वेगाने मंदावते. कारण तेव्हा त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतभारित कणांचा प्रवाह बाहेर वाहतो. तोच रेडिओलहरी निर्माण करतो आणि तोच ताऱ्याला जादा ब्रेकही लावतो. प्रवाह आटला की रेडिओलहरी थांबतात आणि ब्रेकही सैल पडतो. हा प्रवाह इतका अचानक का आटतो, हे कोडे मात्र अजून सुटलेले नाही.

असे पल्सार शोधणे जिकिरीचे असते. दुर्बीण नेमकी शांततेच्या काळात तिकडे वळली, तर तारा असूनही नोंद होत नाही. 'जे १८४१-०५००' तर तब्बल ५८० दिवस गप्प होता. म्हणून एकदा पाहून झालेले आकाश पुन्हा पुन्हा तपासायलाच हवे. आपल्या आकाशगंगेत असे आणखी कितीतरी पल्सार नोंदीविना राहिले असणार.